बंद पडलेला संगणक आणि यत्नेची सवय

पर्युषण संपले होते. संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले, लहानथोरांना 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून झाले, आणि धान्याच्या त्या जुन्या पेढीचे व्यवहार आठ दिवसांनी पुन्हा सुरू झाले. तारीख होती २० सप्टेंबर. व्यापारी ज्याला नुसते '३बी' म्हणतात, ते ऑगस्टचे जीएसटी विवरणपत्र भरण्याचा तो शेवटचा दिवस. मुनीमजींनी संगणकाचा प्लग लावला आणि बटण दाबले. कॅबिनेटमधला पंखा फिरला, तीन शिट्ट्या वाजल्या, पण पडदा काळाच राहिला. पुन्हा बटण, पुन्हा शिट्ट्या. चौथ्या खेपेस त्यांनी कॅबिनेटवर दोन थापा मारल्या. दुरुस्तीवाल्याला फोन लावला, तर तो दुपारनंतर येतो म्हणाला; आणि 'दुपारनंतर' म्हणजे नेमके कधी, हे बाजारपेठेत आजवर कोणाला सांगता आलेले नाही.

घरची सून हिशेब पाहण्यासाठी तेव्हाच पेढीवर आली होती. ती म्हणाली, "मुनीमजी, थापा नका मारू. आधी प्लग काढू या."

"वहिनी, आमच्या वेळी टीव्ही असाच सुरू व्हायचा."

गादीवर बसलेले बाबूजी तेवढेच बोलले, "टीव्हीत आपली चोपडी नव्हती, मुनीमजी."

संगणक बंद पडला की घरोघरी आणि पेढ्यापेढ्यांवर हेच घडते. बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते, एकाच वेळी चार वायरी ओढल्या जातात, कोणी थापा मारतो, कोणी नवा संगणक आणण्याची भाषा करतो. वस्तुतः घरगुती संगणकाचे पुष्कळसे बिघाड साधे असतात: सैल झालेली वायर, साचलेली धूळ, दमटपणाने बिघडलेला संपर्क, संपलेली लहानशी बॅटरी. ते ओळखण्यास मोठ्या विद्येची गरज नसते; क्रम पाळण्याची आणि धीर धरण्याची गरज असते. जैन घरांना ही शिस्त परकी नाही. साधूंच्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती हेच सांगते की कोणतीही वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी नीट पाहावे, मग हळुवार हाताने ती उचलावी आणि ठेवावी. ती साधूंच्या आचाराची गोष्ट असली, तरी श्रावकाच्या घरातही यत्ना हा शब्द रोज कानांवर पडतो. संगणकाच्या दुरुस्तीचे निम्मे शास्त्र त्या एका शब्दात आहे.

पहिला प्रश्न विजेचा

संगणक मुळीच सुरू होत नसेल, दिवा लागत नसेल, पंखाही फिरत नसेल, तर कॅबिनेट उघडण्यापूर्वी विजेची वाट तपासावी. ज्या सॉकेटमध्ये प्लग आहे, त्यात मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. यूपीएस असेल, तर संगणकाचा प्लग तात्पुरता थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावून पाहावा. तेवढ्याने संगणक सुरू झाला, तर दोष यूपीएसमध्ये आहे. बहुधा त्याची बॅटरी दमलेली असते, कारण त्या बॅटऱ्या काही वर्षांतच क्षीण होतात. कॅबिनेटच्या मागे, जेथे विजेची वायर लागते तेथे, एक लहान काळे बटण असते. झाडलोट करताना ते चुकून बंद होते आणि घरभर धावपळ उडते. वायरीचे टोक पूर्ण आत बसले आहे की नाही, हेही हाताने दाबून पाहावे.

यानंतरही हालचाल नसेल, तर प्लग काढून सुरू करण्याचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे आणि मग पुन्हा जोडून पाहावे. आत उरलेली वीज निघून गेल्यावर अडलेले यंत्र कित्येकदा सुरळीत सुरू होते. लॅपटॉपच्या बाबतीत चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे.

येथे एक मर्यादा कधीही ओलांडू नये. ज्या पत्र्याच्या डब्यात विजेची वायर जाते, त्याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतील २३० व्होल्टची वीज तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टपर्यंत उतरवून आतल्या भागांना पुरवतो. त्याच्या आतील कपॅसिटरांमध्ये प्लग काढल्यानंतरही घातक वीज साठून राहू शकते. जळका वास आला, ठिणगी दिसली किंवा आतून स्फोटासारखा आवाज झाला, तर तो डबा घरी उघडू नये. संपूर्ण बदलून घ्यावा.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

पेढीवरचा बिघाड या प्रकारचा होता. वीज पोहोचत होती, म्हणून पंखा फिरत होता. अशा वेळी आधी मॉनिटरकडे पाहावे. त्याची वायर वेगळी, बटण वेगळे. त्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे येत असतील, तर मॉनिटर ठीक आहे. त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही एवढेच. चित्राची केबल दोन्ही टोकांना काढून पुन्हा बसवावी. संगणकात ग्राफिक्स कार्ड वेगळे असेल, तर केबल त्या कार्डालाच लागली आहे ना, हे पाहावे.

शिट्ट्या मात्र आतला बिघाड सांगतात. सुरू होताच संगणक स्वतःची तपासणी करतो. पडद्यावर काही दाखवणे शक्य नसेल, तर तो आवाजाने खूण करतो. शिट्ट्यांचा अर्थ प्रत्येक कंपनीचा निराळा असतो. तो मदरबोर्डच्या पुस्तिकेत पाहावा. पण पुस्तिका हाताशी नसेल, तर पहिला संशय रॅमवर घ्यावा. रॅम म्हणजे मदरबोर्डवरील खाचेत उभी बसवलेली पातळ पट्टी. तिच्या खालच्या कडेवर सोनेरी संपर्कपट्ट्या असतात. दमट हवेने त्यांवर सूक्ष्म थर चढतो किंवा खाचेत धूळ शिरते, आणि संपर्क तुटतो. यंत्र पावसाळ्यात आठ-दहा दिवस बंद राहिले की हा बिघाड हमखास डोके वर काढतो.

सुनेने प्लग काढला, मोबाइलवर मागच्या वायरींचे छायाचित्र काढून ठेवले आणि कॅबिनेटचे बाजूचे पान उघडले. आत पाहताच ती थांबली. कोपऱ्यात मुंग्यांची रांग होती आणि त्यांची पांढरी अंडीही. आठ दिवसांची शांतता आणि कोरडा आडोसा त्यांना मानवला होता.

मुनीमजी म्हणाले, "फवारा आणू का?"

बाबूजींनी नुसती मान हलवली. कॅबिनेट हळूच उचलून पडवीत सावलीला आडवे ठेवण्यात आले. त्याच्या कडेला एक जाड कागद टेकवला. हालचाल जाणवताच मुंग्यांनी अंडी उचलली आणि रांग कागदावरून उतरू लागली. उरलेल्या मुंग्या मऊ ब्रशने कागदावर घेऊन कुंडीपाशी सोडल्या. या कामात जवळजवळ पाऊण तास गेला. कालच चौऱ्याऐंशी लक्ष जीवयोनींची क्षमा मागितलेल्या घराला त्या पाऊण तासाचा हिशेब कोणी विचारला नाही.

येथे धर्म आणि यंत्रशास्त्र एकच गोष्ट सांगतात. कीटकनाशकाचा फवारा मदरबोर्डवर ओलावा आणि चिकट थर सोडतो. त्याने जीवही जातात आणि यंत्रही बिघडते. जोराच्या ब्लोअरचेही तसेच. म्हणून कॅबिनेट उघडताना आधी पाहावे, जीवजंतू असतील तर त्यांना वाट द्यावी, मगच हात घालावा. त्याहून बरे म्हणजे ते आत येणारच नाहीत अशी व्यवस्था करावी. कॅबिनेटच्या मागे रिकाम्या फटी असतात. त्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या दुरुस्तीच्या वेळी काढल्या जातात आणि परत बसवल्या जात नाहीत. त्या बसवून घ्याव्यात. कॅबिनेट जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवावे. संगणकाच्या टेबलावर खाणेपिणे ठेवू नये. आणि यंत्र दीर्घकाळ बंद राहिले असेल, तर वीज जोडण्यापूर्वी आत एकदा नजर टाकावी. श्वेतांबर परंपरेत वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात, त्याच भावनेने.

मग सुनेने कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. कोरड्या हवेत आपल्या अंगावर स्थिर वीज साठते आणि तिच्या एका झटक्याने नाजूक भाग निकामी होऊ शकतो. धातूला स्पर्श केल्याने ती निघून जाते. रॅमच्या दोन्ही टोकांच्या खिट्ट्या बाहेर दाबून तिने पट्टी केवळ कडांना धरून काढली, सोनेरी भागावरून शाळेतले मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवले, रबराचा कचरा कॅबिनेटपासून दूर झटकला आणि पट्टीची खाच जुळवून, खिट्टीचा 'टक्' आवाज येईपर्यंत पट्टी सरळ दाबून बसवली. पट्ट्या दोन असतील, तर एकेक लावून पाहावी. दोषी पट्टी कोणती, ते कळते. पट्टी बसत नसेल, तर जोर करू नये. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ या पिढ्यांच्या खाचा मुद्दाम निरनिराळ्या जागी ठेवलेल्या असतात, जेणेकरून चुकीची पट्टी बसूच नये.

पान लावले, वायरी छायाचित्राप्रमाणे जोडल्या. या वेळी एकच शिट्टी वाजली आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

रुपयाभराच्या आकाराची बॅटरी

आनंद पुरता टिकला नाही. पडद्यावर तारीख चुकीची असल्याची सूचना आली. ती 'एफ१' दाबून ओलांडली. संगणक सुरू झाला, पण जीएसटीचे संकेतस्थळ काही केल्या उघडेना. 'हे जोडणे सुरक्षित नाही' अशी तक्रार पडदा पुन्हा पुन्हा करू लागला. मुनीमजींनी इंटरनेटवाल्याला फोन लावण्यासाठी मोबाइल उचलला. सुनेने मात्र पडद्याचा उजवा कोपरा दाखवला. संगणकाच्या लेखी अजून कित्येक वर्षांपूर्वीचा जानेवारी महिना चालू होता.

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखी चपटी बॅटरी असते. तिचा क्रमांक बहुतेक संगणकांत सीआर२०३२ आणि दाब ३ व्होल्ट असतो. प्लग लावलेला असेपर्यंत संगणकाचे घड्याळ भिंतीतल्या विजेवर चालते; प्लग काढला की ते या बॅटरीवर येते. पेढीवरची बॅटरी केव्हाच संपली होती, पण प्लग कधी निघालाच नव्हता, म्हणून ते कळले नव्हते. या वेळी विजांच्या भीतीने आठ दिवस प्लग काढून ठेवला आणि घड्याळ मागे गेले. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीची असतात. संगणकाची तारीख त्या मुदतीबाहेर असेल, तर ब्राउझर दार उघडत नाही. काही बिलिंग प्रणाली तर संगणकाची तारीख तशीच उचलतात आणि बिले भलत्याच वर्षात पडतात. म्हणून तारीख एकदा चुकली की दुरुस्त करावी, आणि दुसऱ्यांदा चुकली की बॅटरी बदलावी. प्लग काढून, अधिक चिन्हाची बाजू वर ठेवून नवी बॅटरी बसवणे हे पाच मिनिटांचे काम आहे. जुनी बॅटरी मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेल्यास अन्ननलिका आतून भाजते; तसा नुसता संशय आला, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

सुनेने तारीख-वेळ दुरुस्त केली. संकेतस्थळ उघडले. दुपारी एकच्या सुमारास विवरणपत्र भरले गेले.

धूळ आणि उष्णता

संगणक सुरू होतो, पण अर्ध्या-पाऊण तासाने आपोआप बंद पडतो, किंवा पंखा चक्कीसारखा घरघरतो, अशी तक्रार असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. प्रोसेसर ठरावीक मर्यादेपलीकडे तापला की स्वतःचे रक्षण करण्यासाठी यंत्र बंद करतो. भुसार, मसाले, कापूस यांच्या पेढीवर तूस, हळद आणि तंतू पंख्याच्या जाळीत नमद्यासारखे बसतात. प्लग काढून, आधी जीवजंतू पाहून, कोरड्या मऊ ब्रशने ही धूळ काढावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, म्हणजे ते उलटसुलट फिरत नाही. ओले फडके वापरू नये. घरातला व्हॅक्यूम क्लीनरही नको. त्याच्या नळीने स्थिर वीज तयार होते. धूळ काढूनही यंत्र तापत असेल, तर प्रोसेसर आणि त्याच्या थंडावकाच्या मधला लेप वाळलेला असतो; तो जाणकाराकडून नवा लावून घ्यावा.

लॅपटॉपवर चहा किंवा दूध सांडले, तर तत्क्षणी तो बंद करावा, चार्जर काढावा, झाकण उघडे ठेवून उलटा टेकवावा आणि 'चालतो का पाहू' म्हणून पुन्हा सुरू करू नये. पाणी वाळते, साखर मात्र आत राहून संपर्क खाते, म्हणून तो आतून साफ करून घ्यावाच लागतो. लॅपटॉपची बॅटरी फुगून तळ वर आला असेल, तर तो वापरणे थांबवावे. ती दाबू नये, टोचू नये. तिला आग लागू शकते.

जे पुन्हा विकत मिळत नाही

विवरणपत्र भरून झाल्यावर बाबूजींनी विचारले, "बेटा, ती पट्टी बिघडली होती, ठीक. पण जिच्यात हिशेब असतो, ती बिघडली असती तर?"

"ती हार्ड डिस्क, बाबूजी. ती बिघडली असती, तर मागच्या प्रतीवरून काम चालवावे लागले असते."

"मागची प्रत कधीची?"

मुनीमजींनी खण उघडून पेन ड्राइव्ह काढला. त्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिले होते: चोपडीपूजन. म्हणजे गेल्या दिवाळीचा. जवळजवळ अकरा महिन्यांची खरेदी, विक्री आणि उधारी एकाच डिस्कवर उभी होती. पेढीवर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

रॅम, बॅटरी, एसएमपीएस, मॉनिटर हे सारे बाजारात मिळते. हिशेब मिळत नाही. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाच्या नोंदी त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. त्याहून मोठी गोष्ट व्यवहारातल्या विश्वासाची. कोणाचे किती देणे आहे, हे ज्याला सांगता येत नाही, त्याची पेढी कशी चालणार?

हार्ड डिस्कच्या आत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यावर केसाच्या जाडीहूनही पुष्कळ कमी अंतरावर तरंगते. ते टोक चकतीला घासू लागले की 'टक् टक्' असा ठरावीक आवाज येतो. तो ऐकू आला, तर संगणक ताबडतोब बंद करावा. पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणारा माणूस दर खेपेला आपल्याच हिशेबावर ओरखडे काढत असतो. अशी डिस्क घरी उघडू नये. माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे ती आहे त्या स्थितीत द्यावी. डिस्क आवाज न करता नुसती दिसेनाशी झाली असेल, 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असे पडद्यावर येत असेल, तर आधी लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह काढावा आणि मग तिची केबल दोन्ही टोकांना पुन्हा बसवून पाहावी. अलीकडची एसएसडी वेगवान असते, पण तिच्यात फिरणारे काही नसल्याने ती पुष्कळदा कोणतीही सूचना न देता थांबते.

यावर उपाय बिघाडानंतर नसतो, आधी असतो. प्रती तीन असाव्यात: एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर, तिसरी पेढीबाहेर, म्हणजे घरी किंवा क्लाउडवर. बाहेरची डिस्क प्रत घेऊन झाल्यावर काढून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क विजेच्या एका तडाख्यात किंवा एका व्हायरसमध्ये संगणकाबरोबरच जाते. आणि महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. न उघडलेली प्रत म्हणजे न मोजलेली रोकड.

दुरुस्ती होण्यासारखी वस्तू टाकून नवी घेणे परिग्रह वाढवते; म्हणून एका रॅमसाठी संगणक बदलू नये. पण जे खरोखर निकामी झाले, ते भंगारवाल्याला किंवा कचराकुंडीत देऊ नये. त्यात शिशासारखे विषारी धातू असतात. ते माती-पाण्यात उतरले की असंख्य जीवांना बाधतात. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जावा, अशी व्यवस्था त्यांत आहे. यूपीएसची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदाराकडेच परत करावी.

त्या दिवशी दुरुस्तीवाला साडेपाचला आला. त्याला नवी सीआर२०३२ बसवायला सांगितली आणि मागच्या फटींना पट्ट्या लावून घेतल्या. सुनेने नवी बाहेरची डिस्क जोडून पूर्ण हिशेबाची प्रत घेतली. मुनीमजी आजही रोजमेळाची एक कागदी वही ठेवतात. तिच्यात रोकड मिळवून झाल्यावर त्यांनी शिल्लकेच्या खाली लाल शाईने एक नवी ओळ ओढली, 'प्रत घेतली' असे लिहिले, तारीख घातली आणि सही केली. डिस्क पिशवीत घालून बाबूजी घरी निघाले, तेव्हा चौविहाराला अजून अर्धा तास अवकाश होता.